त्याच बरणीतली पावडर: डिसेंबरात रबर ६.८ टक्के, एप्रिलमध्ये ४.७. कुठे चुकतंय?

माणदेशी_लेक
१४ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर कोणालाच मदत करता येणार नाही, म्हणून सगळं लिहिते.

मी ॲरिझोनात पीएचडी करते, दुसरं वर्ष. माझं पीक ग्वायुले, इथले लोक 'वायूली' म्हणतात. मूळचं मेक्सिकोतल्या चिवावा वाळवंटाचं आणि त्याला लागून असलेल्या टेक्सासमधल्या बिग बेंड भागाचं. राखाडी पानांचं झुडूप, फार तर कमरेएवढं. शास्त्रीय नाव पार्थेनियम अर्जेंटाटम. हो, तेच पार्थेनियम. आपल्या गाजरगवताची ही चुलत बहीण. म्हसवडच्या आमच्या रानात आईबाबांनी आयुष्यभर गाजरगवत उपटलं, आणि मी इथे त्याच कुळातल्या झुडपाला ठिबकनं पाणी देते. बाबांना मी दर वेळी नव्यानं समजावते की यातून टायरचं रबर निघतं. जगातलं जवळजवळ सगळं नैसर्गिक रबर हेव्हिया या एकाच झाडातून येतं. ज्या ब्राझीलचं ते झाड, तिथेच पानावरच्या बुरशीमुळे त्याची मोठी लागवड टिकत नाही. फोर्डनं १९२८ पासून ॲमेझॉनच्या खोऱ्यात करून पाहिलं, नाही जमलं. म्हणून दुसऱ्या झाडांचा शोध चालू आहे, आणि कोरड्या मुलखात ग्वायुले हे त्यातलं सगळ्यात भरवशाचं नाव.

अडचण अशी की हेव्हियासारखा इथे चीक वाहत नाही. रबर सालीतल्या एकेका पेशीत कोंडलेलं असतं. पेशी फुटल्याशिवाय ते बाहेर येत नाही, आणि फुटली की सोबत रेझिन, म्हणजे राळ, तीही येते. दोन्हींचं प्रमाण साधारण सारखंच, वाळलेल्या झुडपात पाच-दहा टक्क्यांच्या आसपास. माझं काम हे दोन आकडे काढायचं.

मी काय करते ते सांगते. नोव्हेंबरच्या शेवटी दोन वर्षांची झुडपं कापली. ४० रांगा, प्रत्येक रांग वेगळ्या वाणाची. फांद्या ६० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन दिवस वाळवल्या, बरीचशी पानं झाडून काढली, चक्कीत दळल्या, १ मिलिमीटरच्या चाळणीतून काढल्या आणि भुकटी काचेच्या बरण्यांत भरून फडताळात ठेवली. मग त्यातली २ ग्रॅम थिंबलमध्ये, म्हणजे जाड गाळणकागदाच्या नळीत, घालून सॉक्सलेटला (खालच्या फ्लास्कमधल्या सॉल्व्हंटची वाफ वर चढून पुन्हा पुन्हा थिंबलवर टपकते असं काचेचं उपकरण) आधी असिटोन, रात्रभर. असिटोनमध्ये राळ विरघळते, रबर नाही. मग तेच थिंबल वाळवून सायक्लोहेक्झेनमध्ये, त्यात रबर उतरतं. दोन्ही वेळा सॉल्व्हंट उडवायचं, उरलेलं तोलायचं, मूळ कोरड्या वजनानं भागायचं. पद्धत नवी नाही. १९३३ मध्ये स्पेन्स आणि कॉल्डवेल यांनी जी दिली तिचीच ही नात. तेव्हा दुसऱ्या पायरीला बेंझीन असे, आता ते कोणी वापरत नाही.

आता घोळ. रांग ५ ची बरणी मी तपासणीसाठी राखून ठेवली आहे, दर काही आठवड्यांनी तीच पुन्हा मोजते. डिसेंबरात रबर ६.८, रेझिन ७.१. परवा त्याच बरणीतून पुन्हा काढलं, तर रबर ४.७, रेझिन ९.०. तीन वेळा केलं, तीनही वेळा असंच. काटा तपासला, सॉल्व्हंटची नवी बाटली फोडली, थिंबलं बदलली.

मला रडू येतंय ते यासाठी की ४० रांगांपैकी अर्ध्या मी जानेवारीत मोजल्या आणि अर्ध्या मार्चमध्ये. त्या आकड्यांवरून कोणत्या रांगेचं बी पुढे न्यायचं ते ठरतंय. रांग १७ शेतात सगळ्यात जोमदार होती, पण मार्चमध्ये तिचा आकडा ४.४ आला आणि ती यादीतून जवळपास बाद झाली आहे. शिवाय आमच्या लॅबमध्ये याच आकड्यांवर एनआयआर यंत्राचं (अवरक्त प्रकाशावरून रबराचा अंदाज करणारं) कॅलिब्रेशन बसवायचं चाललंय. माझे आकडे चुकीचे असतील तर यंत्रही तेच चुकीचं शिकणार.

कुणी असं काम केलंय का?


निवृत्त_रबरवाला
१५ एप्रिल, सकाळी ७:१५

बाळ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. मी ग्वायुले कधी हातात धरलेलं नाही. पण ठाण्याला एका टायर कारखान्याच्या लॅबमध्ये ३१ वर्षं काढली, आणि त्यातली निम्मी तरी सॉक्सलेटसमोर. कच्चं रबर आलं की पहिल्या काही चाचण्यांत असिटोन एक्स्ट्रॅक्ट (असिटोनमध्ये उतरणारा भाग) असायचाच. हेव्हियाच्या चांगल्या शीटमध्ये तो दोन-तीन टक्के निघतो. त्यापुढे गेला की आम्ही कान टवकारायचो.

तुझ्या आकड्यांत एक गोष्ट तू लिहिलीस, पण तिच्यावर थांबली नाहीस. बेरीज कर. डिसेंबरात ६.८ आणि ७.१, म्हणजे १३.९. एप्रिलमध्ये ४.७ आणि ९.०, म्हणजे १३.७. बेरीज जागच्या जागी आहे. रबर कुठे उडून गेलेलं नाही, ते रबराच्या खात्यातून रेझिनच्या खात्यात गेलंय.

ते जातं कसं ते नीट सांगतो. रबर असिटोनमध्ये विरघळत नाही याचं कारण त्याची साखळी लांब. आयसोप्रीनचे हजारो दुवे एकापुढे एक, रेणूभार दहा लाखांच्या घरात. हवेतला ऑक्सिजन त्या साखळीतल्या दुहेरी बंधांवर बसतो आणि साखळी मधेच तुटते. पुन्हा तुटते, पुन्हा तुटते. तुकडे पुरेसे आखूड झाले आणि त्यांच्या टोकांना ऑक्सिजन चिकटला की ते असिटोनमध्ये उतरायला लागतात. काट्याला त्यातलं काही कळत नाही. असिटोनमध्ये जे उतरलं ते रेझिन, एवढंच त्याला ठाऊक.

हेव्हियाच्या चिकात ऑक्सिजनला अडवणारी द्रव्यं निसर्गानंच घातलेली असतात, म्हणून शीट वखारीत महिनोन्‌महिने राहते. ग्वायुलेच्या रबराला तसं संरक्षण नाही, हे मी आमच्या धंद्यातल्या जुन्या लोकांकडून ऐकत आलो. झुडूप जिवंत आहे तोवर रबर पेशीत सुरक्षित. तू ते वाळवलंस, तेही ६० अंशांत, मग दळलंस, म्हणजे एका फांदीचा लाखो कणांचा पृष्ठभाग केलास, आणि बरणीत अर्धी हवा ठेवून चार महिने फडताळात ठेवलंस. ऑक्सिजनला याहून चांगली सोय काय हवी?

आता काय करायचं.

पहिलं, त्याच कापणीच्या अख्ख्या फांद्या कुठे फ्रीझरमध्ये आहेत का ते शोध. असतील तर तुझं वर्ष वाचलं. दळलेली भुकटी आणि न दळलेली फांदी यांच्या टिकण्यात फार मोठा फरक असतो.

दुसरं, दळताना चक्की गरम होऊ देऊ नकोस. द्रव नायट्रोजन मिळत असेल तर फांदीचे तुकडे त्यात बुडवून मग दळ. रबर उणे ७० अंशांच्या खाली काचेसारखं ठिसूळ होतं, चिकटत नाही. आता तुझ्या चक्कीच्या जाळीवर तपकिरी चिकट थर बसत असणार. ते तुझंच रबर आहे. थिंबलपर्यंत पोचण्याआधीच गेलेलं.

तिसरं, चाळणी कशाची आहे? पितळेची असेल तर आजच स्टीलची घे. तांबं आणि मँगनीज यांना आमच्या धंद्यात रबराचं विष म्हणतात. अगदी लेशमात्र असलं तरी ऑक्सिजनचं काम कितीतरी पटींनी वेगानं होतं. आमच्याकडे रबर मिसळायच्या खात्यात तांब्याची वस्तू न्यायला बंदी होती.

चौथं, बीएचटी, म्हणजे ऑक्सिजनला अडवणारं द्रव्य. असिटोनमध्ये लिटरला ०.१ ग्रॅम पुरे. पण सॉक्सलेटची एक खोड लक्षात ठेव. बीएचटी खालच्या फ्लास्कमध्येच राहतं, वाफेबरोबर वर चढून थिंबलपर्यंत जात नाही. म्हणजे निघालेल्या राळेचं रक्षण होईल, पण थिंबलमधल्या रबराचं नाही, आणि ते बिचारं रात्रभर गरम असिटोनखाली भिजत बसणार. म्हणून थिंबल भरल्यावर बीएचटीचं असिटोन आधी वरून ओत, भुकटी भिजू दे, मग चालू कर.

आणि हे सगळं माझं अनुमान आहे. पुरावा हवा. असिटोनच्या अर्काचा थोडा भाग एनएमआरला, म्हणजे रेणूची ओळख पटवणाऱ्या यंत्राला, दे. सिस पॉलिआयसोप्रीनचा, म्हणजे रबराचा, दुहेरी बंधाशेजारचा प्रोटॉन आलेखात ५.१२ ला दिसतो, मिथाइल १.६८ ला. राळेतल्या टर्पिनांचेही काही संकेत त्याच गल्लीत येतात, म्हणून एकटा अर्क पाहून काही म्हणू नकोस. ताज्या फांदीचा आणि जुन्या बरणीचा, दोन्ही शेजारी ठेवून बघ. जीपीसी (रेणू लहानमोठेपणानुसार वेगळे करणारं यंत्र) असेल तर आणखी बरं, साखळी किती आखूड झाली ते सरळ दिसेल.

रडू नकोस. तू बरणी राखून ठेवून पुन्हा पुन्हा मोजलीस म्हणून हे उघडकीला आलं. पुष्कळ जण एकदा मोजतात आणि आकडा छापतात.


दोडामार्गकर
१५ एप्रिल, दुपारी १:०५

ताई, मी शेतकरी. आमची हेव्हियाची बाग आहे, साडेतीन एकर, वडलांनी लावलेली. आमच्या सिंधुदुर्गात केरळवाल्यांनी रबर आणलं, मग आम्हीही शिकलो. काकांनी जे लिहिलं त्यातलं एनएमआर मला कळलं नाही, पण मोजणीवरून भांडण कसं होतं ते मला चांगलं माहीत आहे.

आमच्याकडे चीक विकायचा तर भाव डीआरसीवर, म्हणजे शंभर भाग चिकात सुकं रबर किती त्यावर. ३० ते ४० च्या मध्ये असतं. पावसात उतरतं, झाडाला विश्रांती दिली की चढतं. व्यापारी मेट्रोलॅक बुडवून लगेच आकडा सांगतो. ती काचेची दांडी फक्त घनता बघते. चीक किती पातळ केलाय, किती गरम आहे, यावर आकडा हलतो. खरं बघायचं तर चीक तोलायचा, पाणी घालून ॲसिडनं गोठवायचा, लाटून अगदी पातळ करायचा, धुवायचा, ७० अंशांत सुकवायचा आणि पुन्हा तोलायचा.

त्यातली एक गोष्ट तुमच्या कामाला येईल असं वाटतं. शीट जाड राहिलं तर वरून सुकलेलं दिसतं आणि आत पाणी राहतं. उजेडात धरलं की पांढरे ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे आत पाणी, म्हणजे वजन खोटं. ठिपके जाऊन शीट मधासारखं आरपार दिसेपर्यंत आम्ही तोलत नाही. तुम्ही ते सायक्लोहेक्झेन उडवता तेव्हा भांड्याच्या तळाला रबराची साय धरत असणार. जाड साय धरली तर खाली अडकलेलं बाहेर येणार कसं? पसरट भांडं घ्या. आणि एकदा तोलून थांबू नका, दोनदा वजन सारखं आलं की मगच लिहा.


पिवळं_फूल
१५ एप्रिल, रात्री ११:३०

मी जर्मनीत आहे, माझं झाड वेगळं: कोक-सगीझ, रशियन डँडेलियन. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत शास्त्रज्ञांना कझाकस्तानात, तिएनशानच्या डोंगरात सापडलेलं. रबर मुळात असतं. वाळलेलं मूळ हळूच मोडलं की दोन तुकड्यांच्या मध्ये बारीक तंतू ताणले जातात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अर्धा तास मुळंच मोडत बसले होते.

रबरवाला काकांच्या निदानाशी मी सहमत आहे. पण माणदेशी_लेक, आणखी एक शक्यता आधी बाजूला काढ, नाहीतर परीक्षक तोच प्रश्न विचारतील. तू 'बरीचशी' पानं काढलीस असं लिहिलंस, म्हणजे थोडी राहिली. पानांत रबर नगण्य, राळ मात्र असते. पानाची धूळ बारीक, ती हळूहळू बरणीच्या तळाशी जाते. सालीचे तंतू आणि रबराचे गोळे वर राहतात. डिसेंबरात तू वरची भुकटी घेतलीस, एप्रिलमध्ये तळाची. तसं असलं तरी रबर कमीच दिसणार. फरक असा की पानांमुळे रबर उतरलं असेल तर रेझिन नेमकं तेवढंच वाढण्याचं काही कारण नाही. तुझी बेरीज टिकली आहे, म्हणून मला ऑक्सिजनवरच संशय आहे. तरी बरणी उलटीपालटी करून, चौथाई पद्धतीनं (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवत) नमुना घेऊन एकदा मोज.

दुसरं, पाणी. भुकटी पूर्ण कोरडी नसेल तर असिटोनमध्ये ते पाणी मिसळतं आणि मग साखरा आणि फिनॉलसारखी द्रव्यंही सोबत उतरतात. तीही तू रेझिन म्हणूनच तोलतेस. आमच्या मुळांत हा त्रास फार, कारण त्यात इन्युलिन, म्हणजे मुळानं साठवलेलं कर्बोदक, भरपूर. आम्ही गरम पाण्यानं ते आधीच काढून टाकतो.

आणि इन्युलिनवरून आठवलं, टक्का या गोष्टीनं मला पहिल्या वर्षी पुरतं फसवलं होतं. मुळं थंडीत साठवली, दोन महिन्यांनी मोजली तर रबराचा टक्का वाढलेला. मी आनंदानं सगळ्यांना सांगत सुटले. मग एकेका मुळाचं एकूण वजन पाहिलं. साठवणीत मुळानं स्वतःचं इन्युलिन खर्च केलं होतं. भागाकारात खालचा आकडा लहान झाला, म्हणून वरचा मोठा वाटला. तेव्हापासून मी टक्क्यासोबत दर मुळामागे किती मिलिग्रॅम रबर तेही लिहिते. तुझ्या झुडपाचंही तसंच आहे. हिवाळ्यात पानं गळली की रबर न वाढताही टक्का चढेल. थंड रात्रींत ग्वायुले खरोखरच जास्त रबर करतं हे खरं आहे, पण किती खरं आणि किती पानगळ, हे टक्का सांगत नाही. रांग १७ जोमदार होती म्हणतेस, तर दर झुडपामागे ग्रॅम किती ते काढून बघ. बी कुणाचं न्यायचं ते त्यावर ठरायला हवं.

एनआयआरबद्दलची तुझी भीती योग्य आहे. ते यंत्र रबर बघत नाही, ते तुझा काटा काय म्हणाला असता त्याचा अंदाज करतं. कॅलिब्रेशन थांबवायला सांग. उद्याच सांग.


वर्ध्याचा_मास्तर
१६ एप्रिल, सकाळी ८:२०

विषयाला थोडा फाटा फोडतो, माफ करा. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मुलं विचारतात की आपल्या रुईच्या, शेराच्या, फणसाच्या चिकातून रबर का काढत नाहीत? मला आजवर धड उत्तर देता आलं नाही.


निवृत्त_रबरवाला
१६ एप्रिल, सकाळी १०:५०

मास्तर, फाटा नाही, हाच विषय आहे. या तिन्हींच्या चिकात राळ फार आणि रबर थोडं. पांढरा चीक दिसला म्हणजे रबर, असं नसतं. दुसऱ्या महायुद्धात रबराची टंचाई झाली तेव्हा शेराच्या चिकावर प्रयोग झाले, पण परवडलं नाही.

वर्गात दाखवायचं तर फणसाचा चीक घ्या. वाळलेला गोळा ताणला तर लांबतो आणि तसाच राहतो, झटकन मागे येत नाही. फणस कापताना हाताला तेल लावतो ते याचसाठी, राळ तेलात सुटते. एक तुकडा असिटोनमध्ये टाका, बराचसा विरघळेल. शेजारी हेव्हियाच्या शीटचा तुकडा टाका, तो तसाच राहील. मुलांच्या हातात असिटोन देऊ नका, स्वतः करा, खिडक्या उघड्या ठेवून, जवळपास कुठे ज्योत नको. रुई आणि शेर मात्र वर्गात आणूच नका. त्यांचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.


माणदेशी_लेक
२९ एप्रिल, रात्री १०:१०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. पंधरा दिवस काय केलं ते लिहिते.

फांद्या सापडल्या! कापणीच्या दिवशी आमच्या शेतावरच्या वयस्कर मेक्सिकन मजुरानं प्रत्येक रांगेतून एक जादा फांदी पिशवीत घालून दिली होती. मला तेव्हा ती अडगळ वाटली होती आणि मी उणे २० च्या फ्रीझरमध्ये ढकलून विसरून गेले होते. चाळीसच्या चाळीस पिशव्या तिथे आहेत. मी त्यांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, त्यांचे आजोबा रानातलं ग्वायुले तोडून गाढवावरून कारखान्यात नेत, आणि जुने लोक माल वाळून पडू देत नसत.

चाळणी पितळेची होती. स्टीलची घेतली. चक्कीच्या जाळीवरचा तपकिरी थर खरवडून तोलला, तो सायक्लोहेक्झेनमध्ये फुगला आणि बराचसा विरघळला. काका, तुम्ही न बघता सांगितलं होतंत.

रांग ५ ची फांदी द्रव नायट्रोजनमध्ये दळली, त्याच दिवशी थिंबलमध्ये घातली, वरून बीएचटीचं असिटोन ओतलं. रबर ६.७, ७.०, ६.९. रेझिन तिन्ही वेळा ७.० च्या जवळ. मग जुनी बरणी उलटीपालटी करून चौथाईनं नमुना घेतला: रबर ४.९, रेझिन ८.८. म्हणजे पिवळं_फूल म्हणाली तसा बरणीच्या थरांचाही थोडा वाटा असेल, पण थोडाच.

एनएमआर दोन्ही अर्कांचा केला. जुन्या बरणीच्या असिटोन अर्कात ५.१२ ला आणि १.६८ ला ठळक टेकाड. ताज्या फांदीच्या अर्कात त्या जागी जेमतेम बारीक उंचवटा. जीपीसीत जुन्या बरणीतल्या रबराचं शिखर लहान रेणूभाराकडे सरकलेलं आणि पसरलेलं. माझ्या मार्गदर्शक बाईंना दोन्ही आलेख दाखवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि मग त्यांनी स्वतः कॅलिब्रेशन थांबवायचं पत्र लिहिलं.

दोडामार्गकर दादा, पसरट ॲल्युमिनियमची भांडी घेतली. आधी मी अरुंद फ्लास्कमध्ये उडवत होते. त्याच रबराचं वजन दुसऱ्या दिवशी २ मिलिग्रॅमनं उतरलेलं मिळालं, म्हणजे साय धरून सॉल्व्हंट अडकत होतंच. आता सलग दोन वजनं जुळल्याशिवाय वहीत लिहीत नाही.

एक गोष्ट कुणी विचारली नव्हती, पण लिहिते. मला मनगटावर पुरळ आलं होतं. बाबांना गाजरगवतानं येतं तसंच दिसलं म्हणून मी घाबरले. गाजरगवतात पार्थेनिन असतं, ग्वायुलेच्या राळेत ग्वायुलिन ए नावाचं द्रव्य आहे आणि तेही त्वचेला त्रास देणारं म्हणून नोंदलेलं आहे. असिटोनचा अर्क म्हणजे तर ते एकवटलेलं. आता हातमोजे दुहेरी घालते. बाबांनाही सांगितलं, उघड्या हातानं उपटू नका. ते ऐकतील असं वाटत नाही.

उद्यापासून चाळीसही रांगा पुन्हा मोजायच्या, रोज तीन. दळण आणि असिटोन एकाच दिवशी. पहिली रांग १७.


निवृत्त_रबरवाला
३० एप्रिल, सकाळी ६:५५

छान काम केलंस. एकच विचारतो. बीएचटी उडत नाही, तेही भांड्यात उरतं आणि काट्यावर चढतं. भुकटी न घालता, नुसतं रिकामं थिंबल लावून, त्याच असिटोनचं ब्लँक तोललंस का?


माणदेशी_लेक
१ मे, रात्री ८:३०

नव्हतं तोललं काका. आज केलं. १०० मिलिलिटर असिटोनमागे ९ मिलिग्रॅम उरलं. २ ग्रॅम नमुन्यावर म्हणजे ०.४५ टक्के. रांग ५ चं रेझिन ७.० नाही, ६.५५ आहे. डिसेंबरचं ७.१ बीएचटीशिवायचं होतं, म्हणजे तेव्हाच, पहिल्या मोजणीआधीच, थोडं रबर तुटून राळेत गेलेलं असणार. सायक्लोहेक्झेनमध्ये बीएचटी घातलेलं नव्हतं, त्याचं ब्लँक अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही, तेव्हा रबराचा ६.९ तसाच राहतो.

रांग १७ ची पहिली फांदी झाली. रबर ६.२, ब्लँक वजा करून रेझिन ६.८. दर झुडपामागे काढलं तर आतापर्यंत हाताखालून गेलेल्या सगळ्या रांगांत सगळ्यात जास्त. अजून दोन वेळा मोजायची आहे. तोवर तिच्या बियांच्या पिशवीवरची लाल चिठ्ठी काढून टाकली आहे.